पिसलेला पत्त्यांचा कॅट क्रमाने पाठ करतोय, पण चौदाव्या जागेवर दरवेळी अडकतो. कुणी मदत करेल का?

वाड्यातला:
नमस्कार मंडळी. इथे पत्त्यांचे बरेच दर्दी आहेत म्हणून विचारतो.

गेले अडीच महिने रोज रात्री जेवणं आटोपली की अर्धा तास एकच उद्योग करतोय. कॅट चांगला पिसायचा, एकेक पत्ता बघायचा, मग कॅट पालथा ठेवायचा आणि पहिल्या पत्त्यापासून बावन्नाव्यापर्यंत क्रमाने सांगायचे. वय ४६, नोकरी हिंगणा एमआयडीसीत, या आधी असलं काही केलेलं नाही. कारण विचाराल तर आमचे बाबा. मेंढीकोट खेळताना कुठला पत्ता कुणी कधी टाकला हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं, शेवटचे चार हात उरले की समोरच्याच्या हातात काय आहे ते सांगून टाकायचे. दोन वर्षांपूर्वी गेले. दिवाळीला आम्ही सगळी भावंडं जमतो, यंदा त्यांच्या आठवणीत पूर्ण कॅट म्हणून दाखवायचाय.

पद्धत जागांची वापरतो. ओळखीचं एक घर मनात घ्यायचं, त्यात ठरलेल्या क्रमाने फिरायचं आणि जागोजागी पत्त्यांची चित्रं ठेवत जायचं. मी आमच्या आजोबांचा नागपुरातल्या महाल भागातला वाडा घेतलाय, बडकस चौकाजवळ होता, १९८६ ला विकला, आता तिथे चारमजली इमारत आहे. दिंडी दरवाजा, ओटा, चौक, तुळस, पडवी अशा २६ जागा, प्रत्येक जागी दोन पत्ते.

पहिल्या १३ जागा झोपेतसुद्धा येतात. १४ वी जागा म्हणजे देवघराला लागून असलेला कोनाडा आणि १५ वी माडीचा जिना, इथे आलो की घात होतो. एकतर काहीच दिसत नाही, नाहीतर जिन्यावरचे दोन पत्ते आधी आठवतात आणि कोनाड्यातले नंतर. पुढच्या ११ जागा परत व्यवस्थित. सध्या वेळ ११ मिनिटं लागतो. दिवाळीला सात आठवडे उरलेत, काय चुकत असेल?

पोट्टा_नागपूरचा:
काहून भाऊ, अडीच महिन्यापासून एकाच कॅटमागं लागून राहिला तू! पण बाबांसाठी करून राहिला म्हणतो त मग करच. मी पण वाचून राहिलो, कोणी उत्तर दिलं त मलेही शिकाचं आहे.

शुभदा_धंतोली:
वाचतेय. विषय मस्त आहे.

गणिती:
तुमचं उत्तर माझ्याकडे नाही, पण तुम्ही हातात काय घेतलंय ते आकड्यात सांगतो. बावन्न पत्ते किती वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतात? ५२ गुणिले ५१ गुणिले ५० असं करत १ पर्यंत जा, गुणाकार ६८ अंकी येतो. विश्वाचं वय सेकंदात मांडलं तर तो आकडा फक्त १८ अंकी आहे. म्हणजे तुम्ही रात्री जेवल्यावर जो क्रम पाठ करता तो जगात याआधी कुणाच्याही हातात आलेला नसणार, हे जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. अट एकच, कॅट नीट पिसलेला पाहिजे. १९९२ मध्ये बेयर आणि डायकॉनिस या दोघांनी सिद्ध केलं की कॅटचे दोन भाग करून ते एकमेकांत फरफर मिसळले तर सात वेळा पिसल्यावर पत्ते पुरेसे मिसळतात (हे डायकॉनिस चौदाव्या वर्षी घर सोडून एका जादूगाराबरोबर निघून गेले होते, मग गणिताकडे वळले). आपल्याकडे हातावर वरचे पत्ते खाली सरकवत पिसतात त्यात मात्र जुने गठ्ठे तसेच राहतात. तेव्हा तुम्ही कसे पिसता ते आधी सांगा, नाहीतर पहिल्या १३ जागा सोप्या वाटण्याचं कारण वेगळंच निघायचं.

वाड्यातला:
@गणिती, सात वेळा पिसतो, मुलीने शिकवलं. आधी पत्ते सगळ्या खोलीभर उडायचे, आता जमतं.

मेंढीकोट_प्रेमी:
भावना समजू शकतो पण स्पष्ट सांगतो, राग मानू नका. तुमचे बाबा जे करायचे ते हे नव्हेच. खेळात क्रम कशाला लागतो? मेंढीकोटात मला चार दश्शा कुठे गेल्या, हुकमाची किती पानं पडली आणि कोण कुठल्या रंगात तुटलाय (म्हणजे त्या रंगाचं पान त्याच्याकडे उरलेलं नाही) एवढं कळलं की झालं. तीनशेचार या खेळात तर पत्तेच ३२. गुलामाचे ३०, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३, राणीचे २, एका रंगाचे ७६ आणि चार रंगांचे ३०४. आम्ही अजनीला रेल्वे क्वार्टरमध्ये चाळीस वर्षं खेळतोय आणि आमच्यातला सगळ्यात तयार खेळाडू फक्त हुकूम आणि गुलाम-नव्व्या मोजतो, बाकी पत्त्यांकडे बघतही नाही. मोजणं वेगळं, पाठ करणं वेगळं.

इस्पिकराणी:
मेंढीकोट_प्रेमी, मुद्दा बरोबर आहे, पण धागाकर्त्यांना खेळात जिंकायचं नाहीये, म्हणून दाखवायचंय. दोन्ही गोष्टींना आपापली मजा आहे.

मी हे सहा वर्षं करतेय, माझा सगळ्यात चांगला वेळ २ मिनिटं ४० सेकंद. थोडा इतिहास लिहिते म्हणजे ११ मिनिटांचं दडपण जाईल. १९८७ मध्ये इंग्लंडात क्रेटन कार्व्हेलो या माणसाने टीव्हीवर २ मिनिटं ५९ सेकंदात कॅट पाठ केला. ते बघून डॉमिनिक ओब्रायन घरी कॅट घेऊन बसला. पहिल्या प्रयत्नात त्याला २६ मिनिटं लागली आणि ११ चुका झाल्या. म्हणजे तुम्ही त्याच्या पहिल्या दिवसापेक्षा किती पुढे आहात बघा. १९९१ मध्ये लंडनला पहिली जागतिक स्मरणशक्ती स्पर्धा झाली ती त्यानेच जिंकली, पुढे एकूण आठ वेळा जिंकली. २००२ मध्ये त्याने ५४ कॅट एकत्र पिसून, प्रत्येक पत्ता एकदाच बघून २८०८ पत्ते सांगितले, चुका फक्त ८. आणि वेगाचं म्हणाल तर २०१७ मध्ये चीनच्या झोऊ लुजियानने १३.९६ सेकंद आणि २०१८ मध्ये मंगोलियाच्या शिजिर-एर्देने बात-एन्खने १२.७४ सेकंद. स्पर्धेत तोंडी सांगायचं नसतं, दुसरा कॅट देतात, तो पाच मिनिटांत त्याच क्रमाने लावायचा आणि मग पंच दोन्ही कॅट शेजारी ठेवून पत्त्याला पत्ता लावून बघतात. तो क्षण बघताना घशाला कोरड पडते.

आता तुमची अडचण. एकाच जागी दरवेळी अडकणं म्हणजे दोष पत्त्यात नाही, जागेत आहे. पत्ते रोज बदलतात, जागा तीच राहते. माझा अंदाज, कोनाडा अंधारा किंवा छोटा असेल, चित्र त्यात मावत नसेल. मनातल्या मनात तिथे एक मोठा दिवा लावून बघा.

पोट्टा_नागपूरचा:
१२ सेकंदात? मी १२ सेकंदात कॅट डब्बीतून बाहेर काढतो फक्त.

वाड्यातला:
इस्पिकराणी, अगदी मनापासून धन्यवाद. दिवा लावून बघतो आज.

निवांत:
मूलभूत प्रश्न, हसू नका. पत्त्याचं चित्र म्हणजे काय? किलवर सत्ती डोळ्यासमोर आणायची का? सगळे पत्ते सारखेच तर दिसतात.

कटपयादी:
@निवांत, अगदी योग्य प्रश्न. सत्तीकडे बघून काही आठवत नाही, म्हणून प्रत्येक पत्त्याला एक वस्तू किंवा माणूस कायमचा नेमून द्यायचा. इंग्रजी पद्धतींमध्ये आकड्यांना त्यांची अक्षरं देतात, मी त्या मराठीत आणायला गेलो तर सगळं ओढूनताणून व्हायला लागलं. मग आठवलं की आपल्याकडे हे हजार वर्षांहून जुनं आहे. कटपयादी. क ट प य म्हणजे १, ख ठ फ र म्हणजे २, ग ड ब ल ३, घ ढ भ व ४, ङ ण म श ५, च त ष ६, छ थ स ७, ज द ह ८, झ ध ९, ञ न ०, आणि ळ ला ९ धरतात. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन मोजायचं. केरळातले ज्योतिर्गणिती मोठमोठे आकडे असे श्लोकात बांधायचे. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळांची (मूळ रागांची) नावंही यावरच बेतलेली आहेत. धीरशंकराभरणम् घ्या, ध म्हणजे ९, र म्हणजे २, उलटं वाचायचं, २९ वा मेळ.

मी यातून पत्त्यांना नावं दिली. पहिलं अक्षर रंगाचं: किलवरला क, बदामला ब, चौकटला च, इस्पिकला स (इ घेतलं तर शब्दच सापडत नाहीत). दुसरं अक्षर आकड्याचं. एक्का म्हणजे १, दश्शी म्हणजे ०. झालं.

चौकट अठ्ठी: च आणि ह, चहा.
इस्पिक एक्का: साप.
इस्पिक दुर्री: सुरी.
बदाम सत्ती: बस.
बदाम छक्की: बत्ती.
किलवर तिर्री: किल्ली.
किलवर सत्ती: केस.
किलवर नव्वी: केळं.
चौकट नव्वी: चाळ.
चौकट तिर्री: चूल.
चौकट पंजी: चणा.
इस्पिक दश्शी: सून. (आमच्या सूनबाईंना सांगितलं तर म्हणाल्या बदाम दश्शी का नाही दिली, तिथे बीन बसली होती.)

गुलाम, राणी, राजा यांना आकडा द्यायचा नाही, तिथे सरळ घरची माणसं बसवायची. बदाम राणी माझी आई आहे, किलवर राजा आमचे शाळेचे मास्तर. दोन दिवसांत चाळीस शब्द पाठ झाले कारण सगळे रोजचेच आहेत.

निवांत:
चौकट अठ्ठी चहा! आता ती आयुष्यभर चहाच राहणार.

इस्पिकराणी:
कटपयादी, हे अफाट आहे. माझी यादी सगळी इंग्रजी नटनट्यांची आहे आणि त्यातले निम्मे लोक मी कधी पडद्यावर पाहिलेलेही नाहीत, मला ती बदलायचीच होती. आजपासून बदलायला घेते.

वाड्यातला:
मी पण. माझी यादी मनाला येईल तशी केली होती, ही घेतो. कालचा एक तुकडा तुमच्या शब्दांत लिहून बघतो, चालेल का सांगा. दिंडी दरवाजाला चहा आणि साप: दाराची कडी वाजवायला हात वर करतो तर कडीच्या जागी कपाच्या कानात साप गुंडाळलाय आणि जीभ बाहेर काढून फुर्र करत चहा पितोय. ओट्यावर बत्ती आणि किल्ली: दादा बत्तीत तोंड घालून किल्ली शोधतोय, भुवया जळल्याचा वास येतोय. तुळशीपाशी बस आणि केळं: वृंदावनाला प्रदक्षिणा घालत आपली बस निघालीय, चाकांच्या जागी केळी, सालीवरून घसरत चाललीय. लिहितानाच सगळं दिसायला लागलं.

कटपयादी:
भुवया जळल्याचा वास, हे खरं. चित्राला वास आणि आवाज दिला की ते जागा सोडत नाही.

शुभदा_धंतोली:
मला एक कडू अनुभव लिहायचाय. मागच्या वर्षी मुलीला (सातवी) एका मेमरी क्लासला घातलं. नाव लिहीत नाही. फी १८ हजार, दहा रविवार. डेमोला एका मुलाने डोळ्याला पट्टी बांधून पत्ते ओळखून दाखवले, आम्ही सगळे आईबाप थक्क. क्लास सुरू झाल्यावर माझ्या मुलीने तिसऱ्याच रविवारी घरी येऊन सांगितलं, आई, नाकाच्या बाजूने खाली दिसतं. तिला ते करायला लाज वाटत होती आणि सर म्हणत होते की तुझी एकाग्रता कमी पडते. ती महिनाभर गप्प गप्प होती. पैशांपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं. म्हणून विचारते, हे जे तुम्ही सगळे करताय त्याने अभ्यासाची स्मरणशक्ती खरंच वाढते का, की हे पण तसलंच?

इस्पिकराणी:
शुभदाताई, वाचून खूप वाईट वाटलं. मुलीला सांगा तिने तिसऱ्या रविवारी जे पकडलं ते आम्हा मोठ्यांना डेमोत दिसलं नाही. पट्टीचा प्रकार हातचलाखी आहे, त्याचा स्मरणशक्तीशी काडीचा संबंध नाही.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर, पत्ते पाठ केल्याने पत्ते पाठ होतात. १९८० मध्ये अमेरिकेत एरिक्सन आणि चेस यांनी एका कॉलेजच्या मुलावर प्रयोग केला. सुरुवातीला तो एकदा ऐकून ७ आकडे सांगायचा, सगळ्यांसारखाच. आठवड्यातून काही तास असं करत वीसेक महिन्यांत तो ७९ आकड्यांवर गेला. तो धावपटू होता, आकड्यांचे गट करून त्यांना शर्यतीच्या वेळा समजायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. परत सहावर आला! म्हणजे भांडं मोठं झालं नव्हतं, आकडे रचून ठेवायची युक्ती सापडली होती.

गणिती:
हो, आणि २००३ मध्ये लंडनला एलिनॉर मॅग्वायर यांनी स्पर्धेतल्या अशा लोकांचे मेंदू तपासले. बुद्धी इतरांसारखीच, मेंदूची रचनाही इतरांसारखीच. फरक एवढाच की पाठ करताना त्यांचे रस्ते आणि जागा लक्षात ठेवणारे भाग कामाला लागत होते. दहातले नऊ जण ही जागांची पद्धत वापरणारे.

शुभदा_धंतोली:
हे जर कुणी त्या डेमोत सांगितलं असतं ना. बरं पण मग युक्ती तरी अभ्यासाला वापरता येते ना?

इस्पिकराणी:
नक्की येते. आवर्तसारणी, राजवंश, निबंधातले मुद्दे, जिथे क्रम आहे तिथे सगळीकडे. २०१७ मध्ये एक अभ्यास झाला होता, साध्या माणसांना चाळीस दिवस रोज अर्धा तास ही पद्धत शिकवली, ७२ शब्दांतले सरासरी २६ आठवायचे ते ६२ वर गेले. फी शून्य, तुमचं धंतोलीतलं घर पुरे. मुलीला घरातल्या दहा जागा ठरवायला सांगा, तिच्या तिलाच ठरवू दे.

खामला_एक्सप्रेस:
घर कशाला पाहिजे, मी मेट्रो घेतली. लोकमान्य नगर ते प्रजापती नगर २० स्टेशनं, क्रम तोंडपाठ, रोज त्याच लाइनने जातो. पण सपशेल फसलं. सुभाष नगरला ठेवलेली बस मला शंकर नगरला सापडायची. काय चुकलं कळेना.

इस्पिकराणी:
स्टेशनं आतून सगळी एकसारखी! तोच जिना, तेच मशीन, तोच फलाट. जागा एकमेकींपासून वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

पोट्टा_नागपूरचा:
मेट्रोच्या खाली उतर ना भाऊ. झिरो माईलपासून निघ. तिथं चार घोडे आहेत खांबापाशी, एकेका घोड्यावर एक पत्ता बसव. मग कस्तूरचंद पार्कची छत्री, मग व्हरायटी चौकात गांधीजींचा पुतळा, मग बर्डी मेन रोड, तिथं त हातठेल्यावाल्यांच्याच दहा जागा होतात, मग लोखंडी पूल. पावसाळ्यात पुलाखाली पाणी भरते, तिथं तुह्या बसला पोहत जाऊ दे. मी हेच पाठ करून राहिलो. काल बारा पत्ते सांगितले घरी, आई म्हणे पुन्हा सांग!

खामला_एक्सप्रेस:
अरे वा! हे करतोच. घोड्यावर सून बसवतो.

अनुजा:
मी मूळची इतवारीची, सध्या पुण्यात. झिरो माईल ते लोखंडी पूल वाचून आत्ता एकदा मनातल्या मनात चालून आले. डोळे भरले.

अवांतर होईल पण लिहिते. आमचे आजोबा घनपाठी होते. वेदपाठात चित्रं नाहीत, जागा नाहीत, फक्त आवाज. घनपाठात शब्दांचा क्रम असा फिरतो: १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३, मग एक पाऊल पुढे आणि परत तेच. एकही शब्द इकडचा तिकडे झाला तर स्वरच अडतो, म्हणजे चूक आपोआप पकडली जाते. त्यांच्या मांडीशी बसून ऐकताना मला झोप लागायची आणि झोपेतही आकडे फिरत राहायचे. ते काही पाठ करताना हात हलवायचे, मान हलवायचे, सगळं शरीर पाठ करायचं. वाड्यातला, तुम्ही पत्ते मनात बघताना बसून असता का? चालून बघा एकदा.

मेंढीकोट_प्रेमी:
ताई, एक शंका. घनपाठ वर्षानुवर्षं घोकून होतो, जन्मभर टिकतो. यांना रोज नवा क्रम लागतो आणि उद्या विसरायचाही असतो. दोन्ही एका तराजूत कसे टाकता?

अनुजा:
टाकत नाहीये दादा, पायांचं सांगतेय. लक्षात ठेवणं फक्त डोळ्यांचं काम नाही एवढंच म्हणायचंय.

इस्पिकराणी:
विसरण्यावरून एक महत्त्वाचं. कालचे पत्ते आज जागेवरच बसलेले असतात, हा मोठा त्रास आहे. एकाच वाड्यात रोज नवा कॅट ठेवला की तुळशीपाशी कालची बस आणि आजची चूल दोन्ही दिसतात. म्हणून तीन-चार वेगळे रस्ते ठेवायचे आणि आळीपाळीने वापरायचे. वाड्यातला, तुमच्याकडे एकच आहे का?

वाड्यातला:
एकच. वाडाच. दुसरं काही घ्यावंसं वाटत नाही.

दिवा लावून पाच दिवस झाले, फरक नाही. चालूनही बघितलं, आमच्या गच्चीवर फेऱ्या मारत. एक गोष्ट मात्र नवी कळली. चालताना कोनाड्यापाशी पाय थांबतच नाहीत, मी सरळ जिन्याकडे जातो आणि तिथून वळून परत मागे बघतो.

तळकोकणातला_नागपूरकर:
धागा आत्ता पाहिला. आमचं आजोळ सावंतवाडीचं, तिथे गंजिफा गोल पत्त्यांवर खेळतात. दशावतारी गंजिफात १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा. ते पाठ करायला वेगळी चित्रं नकोतच, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह पत्त्यावरच हजर. आजीच्या पेटीत एक संच होता, लाखेचा रोगण दिलेला, हातात घेतला की टकटक आवाज व्हायचा. बावन्नाचं झालं की १२० चं बघा!

पोट्टा_नागपूरचा:
आधी कोनाड्यातून बाहेर येऊ द्या त्याहिले.

गणिती:
मूळ प्रश्नाकडे येऊ. वाड्यातला, तुम्ही आधी लिहिलं होतं की जिन्यावरचे पत्ते आधी आठवतात आणि कोनाड्यातले नंतर. आता म्हणता पाय थेट जिन्याकडे जातात. दोन्हींत उलटापालट एकच आहे. ही चूक यादृच्छिक नाही. वाडा विकला तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता? कोनाडा नक्की कुठे होता हे कुणी सांगणारं आहे का?

वाड्यातला:
सात वर्षांचा. आईला विचारतो.

वाड्यातला:
मंडळी, काल रविवारी आईकडे गेलो होतो, आता सविस्तर लिहितो.

आईला (वय ७४) मी काय करतोय ते सांगितलं नव्हतं, दिवाळीला अचानक दाखवायचं होतं. काल सांगावं लागलं. म्हटलं आई, देवघरातून बाहेर आलं की डावीकडे कोनाडा होता ना, आणि मग जिना? ती हातातली पालेभाजी निवडायची थांबली आणि म्हणाली, देवघराला कोनाडा नव्हताच. कोनाडा जिन्यात होता, तिसऱ्या पायरीशी, भिंतीत. मी म्हटलं नाही गं, मला स्पष्ट आठवतं, मी तिथे पणती ठेवायचो. ती म्हणाली, हो ठेवायचास, पण तुझा हात पुरायचा नाही म्हणून बाबा तुला तीन पायऱ्या चढवायचे आणि तिसरीवर उभं करून तुझ्या मनगटाला धरायचे, तेल सांडू नये म्हणून.

मग तिने कॅलेंडरचं जुनं पान घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर अख्खा वाडा काढून दाखवला. चुलीचं तोंड कुठे, पाटा-वरवंटा कुठे, कुठल्या फरशीखाली पोकळ वाजायचं, सगळं. पेन एकदाही थांबलं नाही. देवघर, मग जिना, मग जिन्यात कोनाडा. मी डोक्यात कोनाडा उचलून देवघराशेजारी नेऊन ठेवला होता, कदाचित पणती आणि देव एकत्र आठवत असल्यामुळे, आणि पाय मात्र अडीच महिने मला आधी जिन्यावरच नेत होते.

घरी आल्यावर १४ वी जागा जिना केली, १५ वी कोनाडा. सात वेळा पिसला. कोनाड्यात सुरी आणि चणे आले होते. तिसऱ्या पायरीवर उभा राहिलो, मनगटावर बाबांची पकड होती, आणि पणतीच्या जागी चणा तडतडत होता, सुरीने कुणीतरी तो उलटवत होतं. बावन्नपैकी बावन्न. ९ मिनिटं २० सेकंद.

इस्पिकराणी:
बावन्न! अभिनंदन, मनापासून अभिनंदन. मी तो कोनाडा अंधारा असेल म्हणाले होते, सपशेल चुकले. गणितींना शंभर गुण.

गणिती:
अभिनंदन. पण एक नोंद करतो, जागा खऱ्याच असायला हव्यात असं नाही. पूर्ण काल्पनिक महालातही लोक पत्ते ठेवतात आणि ते चालतं.

इस्पिकराणी:
चालतं, कारण काल्पनिक महालाची एकच आवृत्ती असते. यांच्याकडे दोन होत्या, एक डोक्याची आणि एक पायांची, आणि दोन्ही रोज भांडत होत्या.

अनुजा:
पाय! मी म्हटलं होतं.

मेंढीकोट_प्रेमी:
मनगट धरून तिसऱ्या पायरीवर उभं केलं, हे दोनदा वाचलं. मी आधी लिहिलं होतं की बाबांचं कसब वेगळं आणि हे वेगळं. ते अजून तसंच म्हणतो, पण तुम्ही करताय ते करा. दिवाळीला म्हणून झालं की एक डाव मात्र लावा.

शुभदा_धंतोली:
किती सुंदर. मुलीने दहा जागा ठरवल्या बरं का, त्यात फ्रिजच्या वरची जागा आहे जिथे मी तिच्यापासून चॉकलेट लपवते. मला वाटायचं तिला माहीत नाही.

कटपयादी:
वाड्यातला, ते कॅलेंडरचं पान जपून ठेवा.

वाड्यातला:
लॅमिनेट करून आणलं आजच, बर्डीहून. सगळ्यांचे खूप आभार.

काल रात्री परत केलं तर ५० आले. यावेळी २२ व्या जागेला घोळ झाला, परसातली विहीर. आईला फोन केला. ती म्हणाली विहिरीवर रहाट होता, तू काय ठेवलंयस तिथे? मी पंप ठेवला होता. आज रहाट बसवतोय.